घरकुलाची पात्रता : चूल, माणसे आणि मिळकत

घरकुलासाठी पात्र कोण, असा प्रश्न आला की आपले लक्ष प्रथम मिळकतीकडे जाते. वस्तुतः त्याआधी कुटुंब म्हणजे कोण, हे ठरवावे लागते. तेथे चूक झाली तर पुढचा सारा हिशेब चुकतो.

ग्रामीण भागासाठी प्रधानमंत्री आवास योजना २०१६ मध्ये सुरू झाली. तिची मूळ यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेवर आधारलेली होती. या गणनेत कुटुंबाची खूण म्हणजे चूल. सामान्यतः एकत्र राहणारी व एकाच चुलीवरचे अन्न खाणारी माणसे, ते एक कुटुंब. ऊसतोडणीसाठी काही महिने परगावी गेलेला मुलगा कामाच्या निकडीमुळे दूर असतो. तेवढ्याने तो कुटुंबाबाहेर जात नाही. उलट, दिराच्या पडवीत वेगळी चूल मांडून राहणारी विधवा हे एका व्यक्तीचे स्वतंत्र कुटुंब होय. तिचे नाव दिराच्या कुटुंबात घातले गेले, तर दिराची मिळकत तिच्या घरकुलाच्या आड येते.

मिळकतीची कसोटीही नीट समजून घ्यावयास हवी. ग्रामीण योजनेत या कसोटीसाठी सर्वांच्या उत्पन्नाची बेरीज होत नाही. कोणत्याही एका सदस्याचे मासिक उत्पन्न मर्यादेहून अधिक असेल, तर कुटुंब वगळले जाते. ही मर्यादा प्रारंभी १०,००० रुपये होती. २०२४ मध्ये ती १५,००० रुपये करण्यात आली. एका चुलीवरचे दोन भाऊ प्रत्येकी ८,००० रुपये मिळवीत असतील, तर या निकषावर कुटुंब बाद होत नाही. एकच भाऊ १६,००० रुपये मिळवीत असेल, तर मात्र होते. आयकर भरणारा किंवा सरकारी नोकरीतील सदस्य असल्यासही कुटुंब वगळले जाते.

शहरांसाठी २०१५ मध्ये आलेल्या योजनेत रीत निराळी आहे. तेथे पती, पत्नी व अविवाहित मुले एवढेच कुटुंब. उत्पन्न मात्र साऱ्यांचे मिळून, वर्षाचे. दुर्बल घटकासाठी ते ३ लाख रुपयांपर्यंत धरले गेले. म्हणून एका योजनेचा हिशेब दुसरीस लावू नये.

गावाच्या यादीची पडताळणी ग्रामसभेत होते. त्या वेळी पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी आधी चुली मोजाव्यात, मग माणसे, आणि शेवटी मिळकत. हा क्रम पाळला, तर पडवीतील ती विधवा यादीबाहेर राहणार नाही.