विमान परत फिरलं तर

एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालेल्यांना मी आधी एकच विचारतो: काठमांडूहून मुंबईचं परतीचं विमान कधीचं आहे? ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्ल्याहून परतल्याच्या दुसऱ्याच दिवशीचं असेल, तर ते बदला. बूट आणि जॅकेट नंतर बघू.

लुक्ल्याची धावपट्टी जेमतेम 527 मीटरची, तीही जवळपास 12 टक्के चढाची. खालच्या टोकाला दरी, वरच्या टोकाला डोंगर. उतरताना एका टप्प्यानंतर विमान पुन्हा वर उचलून दुसरी फेरी मारता येत नाही. वैमानिकाला पट्टी डोळ्यांनी दिसावीच लागते. पहाटे दरी शांत असते. ऊन चढलं की उतार तापतात, वारा वर सरकतो आणि कड्यांवर ढग धरतात. म्हणून सकाळच्या पहिल्या विमानासाठी हट्ट धरा.

आम्हाला ते मिळालं नव्हतं. रामेछापच्या विमानतळावर ताटकळून लुक्ल्याला उशिरा निघालो. वीसेक मिनिटांचा प्रवास, पण अर्ध्या वाटेत डावीकडचा डोंगर नाहीसा झाला, मग उजवीकडचा. आमचं ट्विन ऑटर विमान असं खाली आदळलं की मांडीवरची पिशवी छताला लागली. मागे कुणी रामरक्षा म्हणू लागलं. वैमानिकांपुढची काच आम्हाला आतून दिसत होती आणि तिच्यात नुसतं पांढरं होतं. इथल्या ढगांत खडक असतात, असं नेपाळी वैमानिक सांगतात. एकाएकी विमान एका अंगावर कललं, खिडकीत झाडं आली, फांद्या वेगळ्या दिसाव्यात इतकी जवळ, आणि आम्ही मागे वळलो.

रामेछापला उतरल्यावर जे ऐकलं, त्यासाठी हे लिहितोय. ज्यांचे हातपाय थरथरत होते तेच लोक पाच मिनिटांत काउंटरवर भांडू लागले. सकाळची विमानं पोचली, मग आमचंच का नाही? रजा संपतेय, तिकीट बुडेल, आजच पाठवा! हा रेटा काउंटरवरच थांबतो असं मला वाटत नाही, तो वैमानिकापर्यंतही पोचत असावा. आणि अशा हवेत काय होतं, ते आपण पाहिलंय. 8 ऑक्टोबर 2008 ला लुक्ल्यात उतरताना धुक्यात विमान कोसळलं, 18 जण गेले. मे 2022 मध्ये पोखऱ्याहून जोमसोमला निघालेलं विमान खराब हवेत डोंगरावर आदळलं. 22 जणांतलं कुणीच वाचलं नाही. त्यांत आपल्या मुंबई-ठाण्याकडची माणसं होती. आम्हाला मागे फिरवणाऱ्या त्या वैमानिकाचे पाय धरावेत, असं मला तेव्हाही वाटलं.

तर वेळापत्रकात दोन दिवस मोकळे ठेवा, जमलं तर तीन. निम्मे जाताना, निम्मे येताना नव्हे, बहुतेक येतानाच. जास्तीच्या मुक्कामाचे पैसे रोख जवळ असू द्या. सामानाचं वजन खरं सांगा, आणि पट्टा विमान थांबेपर्यंत आवळलेला ठेवा. अडकल्यावर कुणी हेलिकॉप्टरची जागा देऊ करेल. हवा निवळली असेल तर जरूर जा. पण विमानं हवेमुळेच बंद असतील, तर लक्षात घ्या की त्यालाही त्याच दरीतून, त्याच ढगांखालून जायचंय. अशा वेळी लॉजवर परत जाऊन डाळभात सांगावा. घरी मात्र आधीच बजावून ठेवा की ठरल्या दिवशी फोन आला नाही तर घाबरू नका, आणि ट्रेकच्या आयोजकाला तगादा लावू नका.