मुदतीच्या अलीकडचे दिवस

पुणे,
दि. २० जून २०२५

चि. सौ. मंजिरी हीस अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

तुझे पत्र पोचले. कडक भाकरीचा तुझा व्यवसाय आता स्वयंपाकघराच्या चार भिंतींत मावेनासा झाला असून, घरामागच्या शेडमध्ये यंत्र बसवून आणि प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेखाली कर्ज व अनुदान मिळवून तो वाढवावा, असा तुझा मनोदय वाचून मला फार आनंद झाला. सोलापूरकडची भाकरी पुण्यामुंबईच्या दुकानांत मानाने विकली जाते. ती करणाऱ्या हातांना त्यातला न्याय्य वाटा मिळावा, ही माझी जुनी इच्छा आहे. मात्र त्याच पत्रात ‘योजनेची मुदत मार्चअखेर आहे, तेव्हा दिवाळीची गर्दी उरकली की निवांत अर्ज करीन’ असे जे एक वाक्य तू सहज लिहून गेली आहेस, त्या एका वाक्यासाठी हे पत्र विस्ताराने लिहीत आहे. आयुष्याची बहुतेक वर्षे बँकेच्या कर्जविभागात गेल्यामुळे, उत्तम धंदा, स्वच्छ हेतू आणि पुरेसे तारण असूनही केवळ दिवसांचा हिशेब न केल्याने परत गेलेले अर्ज मी इतके पाहिले आहेत, की आपल्या घरातल्या मुलीचा अर्ज त्यांत जाऊ नये एवढीच माझी कळकळ आहे.

प्रथम ही मार्चअखेर म्हणजे काय ते नीट समजून घे. ही योजना २०२० साली निघाली आणि पुढे तिची मुदत २०२५-२६ या वर्षापर्यंत वाढविण्यात आली, हे तू म्हणतेस ते खरे आहे. पण १८६७ सालापासून आपल्याकडे सरकारी वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते, आणि त्या वर्षासाठी मंजूर झालेला निधी त्या दिवसापर्यंत खर्ची पडला नाही तर तो व्यपगत होतो. तेव्हा ३१ मार्च ही सरकारच्या खजिन्यातील शेवटच्या नोंदीची तारीख झाली. अर्जदाराची तारीख तिच्या कितीतरी अलीकडे असते, आणि ती कोणत्याही जाहिरातीत छापलेली नसते. ती ज्याची त्याने काढावी लागते. जिल्ह्याला वर्षाचा लक्ष्यांक ठरवून दिलेला असतो. तो आधीच पुरा झाला, तर कागदोपत्री मुदत शिल्लक असूनही मागून आलेल्याच्या हाती काही पडेलच असे नाही.

आता उलट क्रमाने मोजून पाहा. अनुदान मिळण्यापूर्वी कर्जाचे वाटप व्हावे लागते. वाटपापूर्वी बँकेची मंजुरी. मंजुरीपूर्वी बँकेची छाननी आणि जागेची पाहणी. त्यापूर्वी जिल्हास्तरीय समितीची शिफारस. त्यापूर्वी प्रकल्प अहवालासह अर्ज. आणि त्या सर्वांच्या आधी तुझी कागदपत्रे. यांतील एकेका टप्प्याला महिना-सव्वा महिना धरला, आणि माझ्या मते त्याहून कमी धरू नये, तरी सप्टेंबरच्या सुरुवातीला अर्ज दाखल झालेला असला पाहिजे. दिवाळीनंतर अर्ज केलास तर तुझे प्रकरण शाखेत मंजुरीला फेब्रुवारी-मार्चात येईल, आणि त्या दिवसांत शाखेतील माणसे थकबाकीची वसुली, खात्यांची वर्गवारी व वर्षअखेरचे ताळेबंद यांत इतकी गढलेली असतात की नवे प्रकरण शांतपणे वाचण्यास कोणालाही उसंत नसते. घाईने वाचलेल्या प्रकरणात शंका निघाली की ते ‘त्रुटीपूर्ततेसाठी’ परत जाते, आणि मार्चात परत गेलेले प्रकरण पुन्हा येते ते नव्या वर्षात, नव्या नियमांखाली, किंवा येतच नाही.

सप्टेंबरपर्यंतचे आणि त्यापुढचेही सगळे दिवस आपले नाहीत. ६ जुलैला आषाढी आहे. पंढरपूर आपल्याच सोलापूर जिल्ह्यात असल्याने तोवर महसुलापासून आरोग्यापर्यंत सारी यंत्रणा वारीच्या बंदोबस्तात राहील, आणि ती राहावीच. २७ ऑगस्टला गणपती येतात, २ ऑक्टोबरला दसरा आहे, आणि त्यामागोमाग ऑक्टोबरातच दिवाळी. शिवाय वर्षानुवर्षे रखडलेल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने गेल्याच महिन्यात दिला आहे. त्या लागल्या की आचारसंहिता येईल, आणि आचारसंहितेच्या काळात लाभार्थी निवडीची कामे थबकण्याचा संभव फार. हे सर्व वजा केल्यावर तुझ्या हाती खरे कामाचे दिवस उरतात ते आषाढीपासून गणपतीपर्यंतचे. तेवढ्यात कागदपत्रांचे काम तू पुरे केलेस तर बाकीच्या गोष्टी बऱ्याच सोप्या होतील.

कागदपत्रांविषयी मला अधिक लिहावयाचे आहे, कारण दिरंगाईचे मूळ बहुधा तेथेच असते. काही कागद लोणच्यासारखे टिकाऊ असतात आणि काही दुधासारखे नासतात. टिकाऊ आधी मिळवावे आणि नासणारे शेवटी. शाळा सोडल्याचा दाखला, विवाहनोंदणीचे प्रमाणपत्र, उद्यम नोंदणी हे पहिल्या वर्गातले. यंत्रविक्रेत्याचे दरपत्रक मात्र बहुधा महिनाभरच ग्राह्य असते, सबब ते आजच घेऊन ठेवण्यात अर्थ नाही. आज यंत्र पाहून, त्याची ताशी भाकऱ्यांची क्षमता विचारून, त्याला लागणारी वीज टिपून ठेव, आणि शिक्क्याचे दरपत्रक ऑगस्टात घे. विजेवरून आठवले: शेडला आज सिंगल फेज जोडणी आहे, यंत्राला थ्री फेज लागणार असेल तर महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज आताच करून ठेवावा लागेल, नाहीतर यंत्र येऊन पडेल आणि वीज येणार नाही.

तुझ्या बाबतीत मला दोन जागा विशेष अडचणीच्या दिसतात. पहिली नावाची. तुझे पॅनकार्ड माहेरच्या नावाचे, आधारकार्ड सासरच्या नावाचे, आणि बँकेच्या पासबुकावर वडिलांच्या नावाऐवजी नुसते आद्याक्षर. तुला आणि मला ही एकच मंजिरी आहे हे ठाऊक आहे. पण संगणकाला ती तीन निरनिराळ्या स्त्रिया वाटतात, आणि ऑनलाइन अर्ज तेथेच अडतो. विवाहनोंदणीचे प्रमाणपत्र हाती घेऊन पॅन व पासबुक या दोन्हींवरील नावे आधारशी जुळवून घेण्याचे काम याच आठवड्यात सुरू कर. लग्नानंतर नाव बदलणाऱ्या आपल्याकडच्या असंख्य मुलींना हा फेरा पडतो, आणि तो त्यांच्यावर पडावा याचे मला नेहमीच वाईट वाटत आले आहे. परंतु वाईट वाटून अर्ज पुढे सरकत नाही.

दुसरी अडचण शेडची. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा अजून तुझ्या आजेसासऱ्यांच्या नावे असल्याचे तू लिहितेस. ते जाऊन बरीच वर्षे झाली. जागा तुझ्या सासऱ्यांच्या नावे लागल्याखेरीज त्यांनी तुला दिलेल्या संमतिपत्रास वजन येणार नाही, आणि वारसनोंद म्हटली की मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, सर्वांच्या सह्या, नोटीस आणि हरकतीची मुदत हे सारे ओघाने आले. तुझ्या दोन्ही आतेसासूबाईंच्या सह्या लागतील. त्या आषाढीला माहेरी येतील तेव्हा त्यांच्याशी तू नव्हे, तुझ्या सासूबाईंनी बोलावे, आणि कागद आधी तयार ठेवावा. घरातल्या माणसांच्या संमतीला सरकारी कचेरीहून जास्त वेळ लागतो, कारण तेथे विषय नुसत्या शेडचा राहत नाही.

प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याची मुदत यंदा ३१ जुलैऐवजी १५ सप्टेंबरपर्यंत वाढविली आहे, तरी तू जुलैतच विवरणपत्र भर. कारण बँक अर्जाबरोबर ताजे विवरणपत्र मागेल, आणि कर खात्याने दिलेली सवलत तुझ्या कर्जाच्या प्रकरणाला मिळत नाही. त्याचप्रमाणे आपली पतनोंद काढून पाहा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा ती विनामूल्य मिळते. मोटारसायकलचे कर्ज फिटले आहे हे मला माहीत आहे, पण नोंदीत ते फिटलेले दिसते का, हा प्रश्न निराळा. चूक निघाली तर तक्रार कर. ३० दिवसांत निकाल द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हे ३० दिवस जुलैत गेले तर काही बिघडत नाही, जानेवारीत गेले तर सर्व बिघडते. अन्नसुरक्षेची नोंदणीही तुझ्याकडे असेलच. तिची वैधता कोणत्या तारखेला संपते तेवढे पाहून ठेव.

आता पैशाविषयी. तुझ्या अंदाजाप्रमाणे प्रकल्प आठ लाखांचा धरू. त्यात तुझा स्वतःचा वाटा किमान दहा टक्के, म्हणजे ८० हजार. उरलेले ७ लाख २० हजार बँकेचे कर्ज. आणि अनुदान ३५ टक्के, म्हणजे २ लाख ८० हजार. या योजनेत अनुदानाची कमाल मर्यादा दहा लाख असल्याने तू तिच्या पुष्कळ आत आहेस. पण ते अनुदान तुझ्या हाती रोख येणार नाही, हे पक्के ध्यानात ठेव. ते बँकेत तुझ्या नावे वेगळे राहते, आणि कर्जाच्या शेवटच्या हप्त्याचे वाटप झाल्यापासून तीन वर्षांनी, उद्योग चालू असेल आणि खाते नियमित असेल तरच कर्जात वळते होते. अनुदान आले की मालाचे देणे भागवू, अशी तजवीज मनात असेल तर ती आजच काढून टाक. तुझे ८० हजारही अर्जाच्या वेळी खात्यात दिसले पाहिजेत. ते मुदतठेवीत असतील तर तिची तारीख पाहा आणि भिशीत असतील तर तुझा क्रम ऑगस्टच्या आत घे.

मंजुरीचे पत्र हाती पडण्यापूर्वी विक्रेत्याला इसार देऊ नकोस, यंत्र खरेदी करण्याचे तर दूरच. ‘आज बुक करा, किंमत वाढणार आहे’ असे तो म्हणेल, म्हणू दे. आधीच घेतलेल्या यंत्रावर मागाहून अनुदान मागणे हा ज्यात यश नाही असा वाद आहे. आणि ‘फाइल करून देतो’ म्हणणाऱ्या कोणाला पैसे देऊ नकोस. या योजनेत प्रकल्प अहवाल तयार करण्यापासून बँकेपर्यंत साहाय्य करण्यासाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात व त्यांचे मानधन शासन देते. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात त्यांची नावे मिळतील. उद्यम नोंदणीसही काही शुल्क नाही.

सप्टेंबरचा आग्रह मी धरतो त्याला तुझ्या धंद्यातलेही एक कारण आहे, आणि मला ते सरकारी कारणांहून मोठे वाटते. मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी फेब्रुवारी-मार्चात खळ्यावर येते. वर्षाचे धान्य भरण्याची वेळ तीच. जानेवारीअखेर कर्जाचे वाटप झाले तर यंत्र बसेल आणि नवी ज्वारी हंगामाच्या दराने भरता येईल. तेच वाटप मार्चाच्या शेवटच्या आठवड्यात झाले, तर अनुदान पदरात पडूनही तुला धान्य व्यापाऱ्याच्या गोदामातून चढ्या भावाने घ्यावे लागेल, आणि पहिल्या वर्षाचा नफा तेथेच आटेल. म्हणून प्रकल्प अहवालात खेळत्या भांडवलाची मागणी बारा महिन्यांवर सारखी न विभागता फेब्रुवारी-मार्चात जास्त दाखव, आणि का दाखवलीस ते दोन ओळींत लिही. शाखाधिकारी ते वाचतो तेव्हा त्याला कळते की या बाईला आपला धंदा कळतो.

एवढे करूनही प्रकरण यंदा मंजूर झाले नाही, असे होऊ शकते. म्हणून परतफेडीचा हिशेब पूर्ण ७ लाख २० हजारांवर मांड, अनुदान शून्य धरून. त्या हप्त्यातही तुझा धंदा तगत असेल तर कर्ज घे. तगत नसेल तर यंत्र लहान घे, किंवा आणखी एक वर्ष चार बायकांच्या हातांवर काम चालव. त्यात कमीपणा नाही. तुझी नोंदणी, हिशेबवही, शेडचा उतारा आणि जुळलेली नावे ही पुढच्या वर्षीच्या कोणत्याही योजनेलाही उपयोगी पडतील. फक्त पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या मागे लागू नकोस. तो नव्या उद्योगांसाठी आहे, आणि तुझा उद्योग, देवाच्या दयेने, चालू आहे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी सोलापूरला येत आहे. तोवर तीन गोष्टी करून ठेव: पॅन दुरुस्तीच्या अर्जाची पोच, नमुना आठची ताजी नक्कल, आणि मागील बारा महिन्यांची विक्री महिन्यागणिक लिहिलेला कागद, मग तो कच्चा का असेना. वहीत न लिहिलेली, दारात रोखीने झालेली विक्रीही आठवून त्यात घाल आणि तिच्यापुढे ‘अंदाजे’ असे लिही. संसाधन व्यक्तीकडे आपण दोघे मिळून जाऊ.

ती. ताईस माझा साष्टांग नमस्कार सांगावा. भावजींस व सासूसासऱ्यांस नमस्कार, मुलांस अनेक आशीर्वाद. ताईच्या गुडघ्याचे औषध येताना आणतो. आणखी काही लागत असल्यास कळवावे.

तुझा,
माधवमामा