खिशातलं सील

पलूस,
कार्तिक वद्य पंचमी

चि. अभिजित,

काल सोसायटीत खतासाठी उभा होतो. तुमच्या वाडीचा एक पोरगा सहज बोलून गेला, "अभ्या चीनहून ऊस तोडायचं मशीन मागवतोय. ॲडव्हान्स भरायला सोनं ठेवलंय म्हणे बँकेत." हातातलं पोतं तिथंच टेकवलं मी. सोनं सूनबाईचं की ताईचं, हे त्याला विचारायचा धीर झाला नाही. पैसे पाठवलेस का रे? आधी तेवढं कळव. फोनवर तू नुसतं "बघतोय मामा" म्हणतोस, म्हणून लिहायला बसलो.

तुझी अडचण मला कळत नाही असं नाही. गेल्या साली मुकादम उचल घेऊन गेला, टोळी आलीच नाही, आणि ताईचा ऊस तुरा येऊन वाळत उभा राहिला, ते मी बघितलंय. नव्या यंत्राला नाही म्हणणाराही मी नव्हे. आपण किर्लोस्करवाडीच्या शेजारची माणसं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली त्या माळावर कारखाना मांडला. त्यांच्या लोखंडी नांगरानं जमीन नासते म्हणून लोक त्याला आधी हात लावत नव्हते. पुढं तोच नांगर घरोघर गेला. पण त्याचा फाळ मोडला तर माणूस चालत जाऊन दुसरा आणू शकत होता.

त्या पोरानं मला तुझ्या मशीनचा व्हिडिओ दाखवला. सपाट कोरडं रान, सरळ उभा ऊस, मशीन लोण्यातनं सुरी जावी तसं चाललंय. आपल्या मळीतला अडसाली ८६०३२ जातीचा ऊस कधी असा उभा असतो का? पावसाळ्यात लोळतो, एकमेकांत गुंततो, टोळीची माणसंसुद्धा कोयता घालायला जागा शोधतात. तसा पडलेला ऊस तोडून दाखवा, असं विक्रेत्याला म्हणालास का? आणि भावकीतली निम्मी लागण अजून साडेतीन फुटी सरीवर आहे. एवढ्या अरुंद सरीत मशीनचं चाक बुडख्यावरनं जातं आणि खोडवा नीट फुटत नाही. मग भाड्यानं मशीन बोलावणार कोण?

परत पैशावर येतो, कारण रात्री तेच डोक्यात फिरतं. आधी तीस टक्के, उरलेले माल जहाजावर चढायच्या आत, ही तिकडच्या विक्रेत्यांची रीत. म्हणजे मशीन नजरेला पडायच्या आधी सगळी रक्कम गेलेली. त्यातच ऐन वेळी मेल येतो, "आमचं खातं बदललंय, या नव्या खात्यावर भरा." मेलच्या पत्त्यात एकच अक्षर इकडचं तिकडं असतं आणि पैसे चोराकडं जातात. असा मेल आला तर आधीच्या नंबरवर फोन करून आवाज ओळखल्याशिवाय एक रुपया हलवू नकोस. बँकेतनं एलसी, म्हणजे पतपत्र, उघडलीस तर बरंच, पण तिथंही बँक कागद बघते, मशीन बघत नाही. कागद चोख असले की पैसे सुटतात, खोक्यात भंगार असलं तरी. म्हणून माल भरायच्या आधी तिथं तिऱ्हाईत माणसाकडून तपासणी करून घ्यावी लागते.

किंमतही ते सांगतात तेवढी नव्हे. जहाजाचं भाडं आणि विमा धरून जी रक्कम होते तिच्यावर कस्टम ड्यूटी, आणि ड्यूटी धरून पुन्हा आयजीएसटी. आयात-निर्यात कोड काढलास का? खोक्याच्या लाकडावर प्रक्रियेचा शिक्का नसला तरी माल अडतो. न्हावा शेव्याला कंटेनर अडकला की रोजचं भाडं चढतं. "बिल कमी दाखवतो, ड्यूटी वाचेल" असं म्हणाले तर तिथंच हात जोड. कस्टमनं पकडलं तर माल जप्त होतो आणि गुन्हेगार तू ठरतोस, ते नव्हे. अनुदानाच्या भरवशावर असशील, तर ते बुधनीसारख्या मान्य संस्थेत चाचणी झालेल्या यंत्रालाच मिळतं.

आता जे ताईलाही धड माहीत नाही ते सांगतो.

१९९४ साली मी मुंबईच्या एका दलालाकडून परदेशी पॉवर टिलर आणला. आप्पांची खिलार जोडी विकून. दुसऱ्या पावसाळ्यात त्याचं ऑइल सील गेलं. तळहातात मावेल एवढी रबराची कडी! कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात घातली आणि सांगली, कोल्हापूर, पुणं पालथं घातलं. त्या मापाचं सील कुठंच मिळालं नाही. दलालाचा फोन लागेना. आईनं तो शर्ट कितीदा धुतला, खिशावरचा तेलाचा डाग गेला नाही. आठ महिने मी आप्पांना सांगत राहिलो, "दुरुस्तीला दिलंय, येईल." आप्पा पहाटे उठून सवयीनं कडब्याची पेंडी घेऊन गोठ्यापर्यंत जायचे, रिकाम्या दावणीपुढं थांबायचे आणि पेंडी परत आणून ठेवायचे. त्यांना सगळं कळलं होतं. ते विचारत नव्हते आणि मी सांगत नव्हतो. मशीन बुडालं त्याचं दुःख केव्हाच सरलं, पण ते आठ महिने अजून माझ्या अंगावर आहेत.

म्हणून काल फोनवर चढ्या आवाजात बोललो. मनात धरू नकोस. तू कष्टाळू आहेस. ताईची जमीन तूच राखलीस, नाहीतर कधीच विकली गेली असती. मशीन घेऊच नकोस असं माझं म्हणणं नाही. आधी हंगामात कुणाचं तरी चालतं मशीन आपल्या उसात भाड्यानं घालून बघू. सुटे भाग कोण देणार, ते त्यांच्याकडून लिहून घेऊ. मग तुला पटलं तर बँकेत मी बरोबर येतो.

आणि पैसे गेलेच असतील तर तेही सांग. मी रागावणार नाही. ताईला सांगायचं असेल तर दोघं मिळून सांगू, तू एकट्यानं तिच्यापुढं उभा राहू नकोस. सोनं सोडवायला लागलं तर हळदीचे थोडे पैसे आहेत माझ्याकडं. मामीला विचारलंय, ती हो म्हणाली.

रविवारी ये. मामी शेंगदाण्याच्या पोळ्या करणार आहे, लेकरांनाही आण. ते सील अजून माझ्या कपाटात आहे, आलास की दाखवतो.

तुझा
मामा