रुखवताचा हिशेब : घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा

आज मी बँकेत बसून बचतीचे आणि कर्जाचे सल्ले देते. पण बँकेत लागण्यापूर्वी तीन वर्षे मी स्वतः एक छोटा धंदा केला. त्यात ज्या चुका झाल्या, त्यांची किंमत घरच्यांनी मोजली. त्या चुका तुमच्याकडून होऊ नयेत, म्हणून हा पाठ.

२०१२ साली माझे एम.कॉम. झाले. तेव्हा आम्ही रायपूरला तात्यापाऱ्यात राहत होतो. आईचा हात कलेचा. लग्नाच्या रुखवतासाठी सजवलेले नारळ, रंगवलेली सुपे, सप्तपदीच्या सुपाऱ्या, मोत्यांची महिरप हे सारे ती ओळखीच्या घरी हौसेने करून देई. त्याचाच आम्ही धंदा केला. गणपतीच्या दिवसांत पुठ्ठा आणि कापडाची मखरेही करू लागलो. सामान गोलबाजारातून आणायचे, काम घरच्या मागच्या खोलीत.

धडा पहिला : स्वतःची मजुरी किमतीत धरा

रुखवताचा एक संच आम्ही ४,५०० रुपयांना देत होतो. सामानाला २,६०० रुपये लागत. म्हणजे १,९०० रुपये सुटले, असे आम्ही समजत होतो. पुढे एकदा वही घेऊन नीट हिशेब मांडला. रिक्षाभाडे, खोकी आणि तुटफूट यांचे ४०० रुपये वजा केले, तेव्हा उरले १,५००. एका संचाला आम्ही दोघी मिळून ५० तास बसत होतो. म्हणजे तासाला फक्त ३० रुपये!

कलेच्या धंद्यात ही चूक हमखास होते, कारण काम आवडीचे असते आणि घरच्या बाईची मजुरी कोणी मोजत नाही. सामान, इतर खर्च आणि मजुरी यांची बेरीज करून मगच भाव सांगा. गिऱ्हाईकाला तो जास्त वाटला, तर वस्तू कमी करा. मजुरी शून्य करू नका.

धडा दुसरा : आधी नमुना, मग भांडवल

दादासाहेब फाळके यांचे उदाहरण पाहा. १९१२ साली त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवून पैसे उभे केले आणि चित्रपटाची विद्या व यंत्रे यांसाठी लंडन गाठले. परत आल्यावर त्यांनी लगेच मोठा चित्रपट काढायला घेतला नाही. वाटाण्याचे रोप उगवून वाढते कसे, याचे एक छोटे चित्रण केले आणि ते दाखवून पुढचे भांडवल मिळवले. ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला तो त्यानंतर, १९१३ साली. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही या कामी लागले. त्यांच्या जिद्दीला तोड नाही. पण आपल्यासारख्या लहान बचतदारांनी त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट म्हणजे ते वाटाण्याचे रोप. थोड्या पैशात नमुना करावा, तो दाखवावा आणि मागणी दिसली की मगच मोठा खर्च करावा.

धडा तिसरा : वहीतला नफा म्हणजे हातातला पैसा नव्हे

२०१४ च्या गणपतीत एका सजावटवाल्याने ४० मखरांची ऑर्डर दिली. दर २,५०० रुपये, म्हणजे एक लाखाचे काम. आम्ही हरखून गेलो. ना लेखी ऑर्डर घेतली, ना आगाऊ रक्कम. सामानाला ६२,००० रुपये हवे होते. आईने ७५,००० रुपयांची मुदत ठेव मोडली. ती ठेव बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी होती.

माल वेळेवर पोचला, पैसे मात्र नाही. आधी २०,००० मिळाले. बाकीचे तुकड्या-तुकड्याने होळीपर्यंत येत राहिले, आणि १८,००० कधीच आले नाहीत. हाती आलेल्या ८२,००० मधून सामानाचे ६२,००० वजा केले, तर वहीत २०,००० रुपयांचा नफा दिसतो. पण ऑपरेशन उन्हाळ्यापर्यंत लांबले. तोवर रोज सकाळी आई बाबांना पेपर वाचून दाखवत असे. बाबा एका शब्दाने बोलले नाहीत. मला मात्र तो नफा अजूनही नफा वाटत नाही.

निम्मी रक्कम आगाऊ मागितली असती, तर ५०,००० हाती आले असते आणि ठेवीला हात लावावा लागला नसता. आगाऊ रक्कम द्यायला तो तयार झाला नसता, तर तेव्हाच सावध होता आले असते.

धडा चौथा : नाव ठरलेली ठेव धंद्यात घालू नका

मुदत ठेव मोडली की सहसा व्याज कमी मिळते, दंडही लागतो. त्याऐवजी ठेवीच्या तारणावर कर्ज मिळते. साधारणपणे ठेवीच्या ९० टक्क्यांपर्यंत, आणि ठेवीच्या व्याजदराहून एक-दोन टक्के जास्त दराने. पण लक्षात ठेवा, कर्ज फिटेपर्यंत ती ठेव अडकलेलीच राहते. म्हणून आजारपण, शिक्षण, लग्न यांसाठी ठेवलेल्या पैशाला धंद्यासाठी हात लावू नये, तारण म्हणूनही नाही.

धंद्याला धंद्याचेच कर्ज घ्या. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. मूर्तिकार, कुंभार, शिंपी अशा १८ पारंपरिक व्यवसायांसाठी २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्यात पहिला हप्ता एक लाखापर्यंत आणि व्याज ५ टक्के.

उद्यम नोंदणीही करून घ्या. ती ऑनलाइन होते, एक पैसा लागत नाही. नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु उत्पादकाकडून माल घेणाऱ्या व्यापाऱ्याने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाल्यास व्याजही मागता येते. मात्र हक्क सांगायला हातात कागद हवा.

आता नोकरीच्या नियमांमुळे मी या धंद्यात नाही. वहिनी तो सांभाळते. धंद्याचे खाते वेगळे आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला आई आणि वहिनी त्यातून आपापली मजुरी घेतात; एरवी त्या खात्यातून घरखर्च होत नाही. निम्मी रक्कम जमा झाल्याशिवाय गोलबाजारची फेरी होत नाही. दोन-चार गिऱ्हाइके यामुळे परत गेली. धंदा मात्र चालू आहे.

या आठवड्यात करून पाहा

१. तुमच्या एका वस्तूला लागणारे तास मोजा आणि तासाची मजुरी काढा.
२. येणे बाकी असलेल्या रकमा नाव आणि तारखेसह लिहा.
३. घरातल्या प्रत्येक ठेवीपुढे ती कशासाठी आहे, ते लिहा. ही यादी घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.