चाकांवरचे घर घेऊन यलोस्टोनला

लहानपणी आम्ही आईवडिलांबरोबर जत्रेला जात असू. छपराची बैलगाडी. तीत पीठ, मीठ, तवा, घोंगड्या आणि दोन घागरी पाणी. रात्र पडेल तेथे बैल सोडायचे, तीन दगडांची चूल मांडायची आणि गाडीतच अंग टाकायचे. साठी ओलांडल्यावर तशीच एक गाडी आम्हांला अमेरिकेत भेटली. तिला बैल नव्हते, एवढाच फरक.

तिला तिकडे मोटरहोम म्हणतात. म्हणजे मोटारीतले घर. पुढे चालवणाऱ्याची जागा. मागे शेगडी, भांडी घासायची मोरी, लहानसे फ्रिज, झोपायच्या फळ्या, आणि कपाटाएवढी न्हाणी व संडास. आमची धाकटी मुलगी आणि जावईबापू सॉल्ट लेक सिटी या शहरात राहतात. २०२३ सालच्या जूनमध्ये आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी अशी गाडी भाड्याने घेऊन आम्हांला यलोस्टोनचे रान दाखवायचे ठरवले.

यलोस्टोन हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान. उद्यान म्हटले की फुलझाडे आणि पाळणे डोळ्यांपुढे येतात, पण हे तसले नव्हे. हे खरे रान आहे. १८७२ साली अमेरिकेच्या सरकारने कायदा करून ते राखून ठेवले. येथे कुणी जमीन घ्यायची नाही, झाड तोडायचे नाही, जनावर मारायचे नाही. क्षेत्र सुमारे ९ हजार चौरस किलोमीटर. आपल्या सातारा जिल्ह्याहून थोडे लहान, असे समजा. जमिनीखाली फार उष्णता आहे. त्यामुळे ठिकठिकाणी उकळते झरे आहेत, वाफेची भोके आहेत, आणि गरम पाण्याची उंच कारंजी उडतात. अस्वले, लांडगे, सांबरासारखी मोठी हरणे आणि बायसन मोकळे फिरतात. बायसन म्हणजे आपल्या गव्याचा चुलतभाऊच. हे सारे पाहायला २०२३ साली सुमारे ४५ लाख माणसे आली.

आता पाहा, एवढी माणसे येणार आणि त्यांतली बहुतेक उन्हाळ्याच्या तीनचार महिन्यांत येणार. नोव्हेंबरपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत बर्फामुळे तेथले बहुतेक रस्ते मोटारींना बंद असतात. मग उतरायला जागा मिळेल कशी? आम्हांला वाटले होते, गाडी आपली, घर आपले, रात्र पडेल तेथे थांबू. मुलगी हसली. म्हणाली, “नाना, ती आपली जत्रा नाही. तिथं रस्त्याच्या कडेला झोपता येत नाही. तळावर जागा नसेल तर रात्री रानाबाहेर जावं लागतं.” तळ म्हणजे गाड्या आणि तंबू लावायची आखलेली जागा. ती वर्षभर आधी धरून ठेवतात. म्हणून आधी तळावर जागा, मग गाडी, मग रजा. आपण नेमके उलटे करतो.

एक गोष्ट त्यांना आदल्या वर्षीच कळली होती. २०२२ सालच्या जूनमध्ये ती दोघे मुलाला घेऊन जाणार होती. सर्व तयारी झाली होती. १३ जूनला तेथे मोठा पूर आला. उत्तरेकडचे रस्ते नदीने तोडून नेले. उद्यानाची पाचही दारे बंद झाली. आत असलेल्या १० हजारांहून अधिक लोकांना बाहेर काढावे लागले. दक्षिणेकडचा भाग २२ जूनला उघडला, पण उत्तरेची दोन दारे ऑक्टोबरपर्यंत नीट उघडली नाहीत. यांची सहल बुडाली. ज्या कंपनीकडून गाडी ठरवली होती, तिने आगाऊ घेतलेले पैसे परत दिले नाहीत. कागदावर बारीक अक्षरांत तसे लिहिलेले होते आणि जावईबापूंनी ते न वाचताच सही केली होती. शिकलेला माणूस! आम्ही त्यांना बोललो नाही, पण मनात आले खरे. या खेपेस त्यांनी दुसरी कंपनी पाहिली, कागद दोनदा वाचला, आणि ‘सहल मोडली तर पैसे किती परत’ हे आधी विचारले. शिवाय पश्चिमेच्या दाराने जायचे, आणि ते बंद झाले तर दक्षिणेच्या दाराने, असे दोन रस्ते कागदावर लिहून ठेवले.

गाडी किती लांब घ्यावी यावर घरात वाद झाला. नातवाला सर्वांत मोठी हवी होती. पण तळावरची प्रत्येक जागा मापाची असते. ३० फुटांच्या जागेत ३५ फुटांची गाडी मावत नाही. रानातले काही आडरस्ते मोठ्या गाड्यांना बंदच असतात. जिथे सारे थांबतात तिथे दहा वाजल्यानंतर साधी मोटार लावायलाही जागा मिळत नाही, मग एवढे धूड कुठे उभे करणार? २५ फुटांची ठरली. जावईबापूंनी गाडीची उंची एका चिठ्ठीवर लिहून चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चिकटवली. झाडाची फांदी किंवा पेट्रोलपंपाचे छप्पर लागून वरचा भाग फाटतो, आणि त्याची भरपाई आपल्याला द्यावी लागते.

आमची खरी काळजी मात्र निराळीच होती. आमच्या सौभाग्यवतींना मधुमेह आहे. रोज इन्शुलिन टोचावे लागते. ते औषध थंड ठेवावे लागते. चार रात्री रानात राहायचे, तर ते ठेवायचे कुठे? त्या नको म्हणत होत्या. “तुम्ही जा सारे, मी घरी बसते. माझ्यामुळं तुमचा खोळंबा कशाला?” असे दोनदा म्हणाल्या. सात समुद्र ओलांडून आलेल्या बाईने घरात बसायचे, हे आम्हांला पटेना. पण उगाच धीर देऊन भागणार नव्हते. आम्ही आमच्या गावाकडच्या डॉक्टरांना फोन करून सगळे विचारले आणि वहीत उतरवले. न वापरलेले औषध फ्रिजमध्ये ठेवावे, पण गोठू देऊ नये. गोठले तर फेकून द्यावे. बर्फाला चिकटवून ठेवू नये. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये. थंडाव्यातून बाहेर काढलेले त्यांचे औषध ३० अंशांच्या आत राहिले, तर चार आठवडे चालते. औषधागणिक हा काळ कमीजास्त असतो, म्हणून ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. रानात मोबाइल बहुतेक ठिकाणी लागत नाही. तेथे गेल्यावर विचारू म्हणाल, तर ते जमत नाही.

दोन रात्री मॅडिसन नावाच्या तळावर आणि दोन रात्री फिशिंग ब्रिज येथे, अशी जागा मिळाली होती. यांत फरक आहे. फिशिंग ब्रिजला गाडीला वीज, पाणी आणि घाण पाण्याची नळी जोडता येते. त्या भागात अस्वलांचा वावर आहे, म्हणून तेथे तंबू चालत नाही, पक्क्या भिंतींची गाडीच लागते. मॅडिसनला वीज जोडता येत नाही. आपले वीज करायचे यंत्र चालवायचे तर सकाळी ८ ते रात्री ८ एवढ्याच वेळात. रात्री फ्रिज गाडीतल्या गॅसवर चालवायचे. गॅसवर थंडी कशी होते, याचे आम्हांला फार नवल वाटले. पण होते.

सॉल्ट लेक सिटीहून पश्चिमेचे दार सुमारे ५०० किलोमीटर. सकाळी निघायचे ठरले होते. गाडी ताब्यात मिळायला दुपार झाली. देणाऱ्या माणसाने घाईघाईने दहा गोष्टी सांगितल्या. त्यांतल्या चार लक्षात राहिल्या. दाराशी गाडीमागे ३५ डॉलर फी भरली. ती सात दिवस चालत असे. (२०२६ च्या जानेवारीपासून परदेशी पाहुण्यांना दर माणशी १०० डॉलर जादा लावले आहेत. आता जाणाऱ्याने तेही धरावे.) मॅडिसनला पोचेपर्यंत अंधार पडला. आखलेल्या जागेत गाडी जशी बसली तशी उभी केली, भाकरी-ठेचा खाल्ला आणि झोपलो. जूनमध्येही बाहेर कडाक्याची थंडी होती. ती जागा समुद्रापासून २ हजार मीटरांहून उंच आहे, आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही उंच.

पहाटे सौभाग्यवतींनी फ्रिज उघडले. आत मुलीने उष्णता मोजायची काचेची नळी ठेवली होती. ती १५ अंश दाखवत होती. औषधाला २ ते ८ अंश पाहिजेत. दूधही नुसते गार होते. त्या काही बोलल्या नाहीत, पण चेहरा उतरला. मुलगी म्हणाली, “आत्ताच्या आत्ता परत फिरू.” आम्ही वही काढली. औषध गोठले नव्हते, तापलेही नव्हते. म्हणजे वाया गेले नव्हते. सगळ्या पेनांवर त्या दिवसाची तारीख घातली आणि चार आठवड्यांत संपवायचे ठरले. औषधाचे पेन म्हणतात, लिहायचे नव्हे.

मग फ्रिजला काय झाले? जावईबापूंनी पुस्तक वाचले. गॅसवरचे फ्रिज सपाटच उभे असावे लागते. गाडी एका अंगाला कलली की आतले द्रव नीट फिरत नाही आणि थंडी होत नाही. आमची गाडी उतारावर होती. हीच गोष्ट त्या माणसाने सांगितली असावी, आणि न राहिलेल्या सहांतली असावी! गाडीच्या पोटातल्या खणात जाड ठोकळे सापडले. बैलगाडी उतारावर सोडताना आपण चाकाला दगड लावतोच ना? तसे दोन चाकांखाली ठोकळे घालून गाडी समतल केली. आत परातीत पाणी ओतून आम्ही पाहिले. दुपारपर्यंत काचेची नळी ६ वर आली. त्यानंतर रोज मुक्कामी पोचलो की आधी परात, मग चहा.

स्वयंपाकाचीही एक गंमत झाली. एवढ्या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळते. नुसत्या पातेल्यात डाळ काही केल्या शिजत नाही. सौभाग्यवतींनी हट्टाने कुकर घेतला होता, म्हणून वरणभात मिळाला. जेवण झाले की एक शीतही बाहेर ठेवायचे नाही. खरकटे, तेलाची बाटली, साबण, सारे गाडीत बंद. वास आला की अस्वल येते. एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागली, की ते पुन्हा पुन्हा येऊ लागते. मग कधी कधी त्याला मारावे लागते. चूक आपली आणि जीव त्याचा जातो.

आम्ही घरून वेळापत्रक करून नेले होते. हेडमास्तरची खोड! दर अर्ध्या तासाला एक ठिकाण, शाळेच्या तासांसारखे. ते पहिल्याच दिवशी बाजूला पडले. रानातला मोठा रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा असून २२८ किलोमीटर लांब आहे. त्यावर ताशी ७२ किलोमीटरच्या वर जाता येत नाही. आणि एक बायसन रस्त्यावर आले की शंभर गाड्या उभ्या. शेवटी दिवसाला दोनच ठिकाणे ठेवली. सकाळी सातला निघायचे, दुपारी गर्दीच्या वेळी गाडीत पडायचे. सौभाग्यवतींचे गुडघेही एवढेच चालू देत होते.

ओल्ड फेथफुल नावाचे कारंजे पाहिले. ते साधारण दर दीड तासाने उडते. पुढची अंदाजी वेळ पाटीवर लिहिलेली असते. पाणी ३० ते ५५ मीटर उंच जाते आणि काही मिनिटांत शांत होते. नातवाने उड्या मारल्या. सौभाग्यवतींनी हात जोडले. उकळत्या झऱ्यांजवळ लाकडी फळ्यांची वाट केलेली आहे. ती सोडून एक पाऊलही टाकायचे नाही. वर पापुद्रा दिसतो, खाली उकळते पाणी असते. आजवर वीसहून अधिक माणसे त्या पाण्यात भाजून मेली आहेत. तरीही फोटोसाठी फळीवरून खाली उतरणारा एक तरुण आम्ही पाहिला. वर्गात असता तर कान धरला असता.

जनावरांचेही माप ठरलेले आहे. बायसन आणि हरणे यांपासून २३ मीटर, अस्वल आणि लांडगे यांपासून ९१ मीटर. बायसन म्हशीसारखे सुस्त दिसते, पण ते माणसाच्या तिप्पट वेगाने धावते. तिसऱ्या दिवशी एक बायसन आमच्या गाडीसमोर बसून रवंथ करत राहिले. दार उघडायची सोय नव्हती. पाऊण तास आम्ही आत. गाडीतच संडास असल्याचे महत्त्व त्या दिवशी पटले.

त्या संडासाबद्दलही सांगितले पाहिजे. लोक लाजून सांगत नाहीत आणि नवा माणूस फसतो. गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक धुण्याघासण्याच्या पाण्याची, एक मैल्याची. आमच्या गाडीत चांगले पाणी सुमारे दीडशे लिटर मावत असे. पाच माणसे घरच्यासारखी अंघोळ करू लागली तर ते एका सकाळीच संपते. आम्ही ओल्या फडक्याने अंग पुसले. घाण टाक्या ठरलेल्या जागीच रिकाम्या करायच्या. हातमोजे घालायचे, आधी मैल्याची टाकी सोडायची आणि मग साबणाच्या पाण्याची, म्हणजे नळी धुऊन निघते. हे काम जावईबापूंनी केले. इंजिनियर माणूस, पण नाक मुरडले नाही.

पाचव्या दिवशी परतलो. गाडी झाडून, टाक्या रिकाम्या करून, पेट्रोल भरून परत दिली, म्हणून ठेव पुरी मिळाली. औषधाची तीन पेने उरली होती. ती त्याच महिन्यात, घातलेल्या तारखेच्या आत संपली.