पडदा आणि डोळे

मुलांनो, मराठी शिकताना तुम्हांला कितीतरी शब्द जुन्या ओळखीचे भेटतात. 'नजर' हा तर तुमचाच शब्द. फारसीत 'चश्म' म्हणजे डोळा. त्यावरून मराठीत 'चष्मा' आला. 'पर्दा' हा शब्द मराठीत 'पडदा' झाला, आणि आज त्याला एक नवे काम मिळाले आहे. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जेथे चित्र उमटते, त्यालाही आपण पडदा म्हणतो आणि संगणकाच्या किंवा मोबाइलच्या काचेलाही पडदाच म्हणतो. या दोन पडद्यांचे एकमेकांशी कसे जमते आणि कोठे बिनसते, ते या पाठात पाहू.

डोळ्यांतून किरण बाहेर पडतात आणि ते वस्तूला लागले की वस्तू दिसते, असे प्राचीन काळी अनेक विद्वान मानत. बसरा शहरात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात 'किताबुल मनाजिर' या ग्रंथात सिद्ध केले, की प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो. म्हणून कोणत्याही पडद्यासमोर बसताना पहिला प्रश्न विचारावा, तो असा : हा प्रकाश येतो कोठून?

पालघर जिल्ह्यात जव्हार आणि मोखाडा हे डोंगराळ तालुके आहेत. तेथील पाड्यांवर वारली लोकांची घरे असतात. कुडाच्या भिंतीवर गेरूचा तांबडा रंग देऊन त्यावर तांदळाच्या पिठाने पांढरी चित्रे काढतात. ही भिंत स्वतः उजेड देत नाही. दारातून आलेला उजेड तिच्यावर पडतो आणि तेथून आपल्या डोळ्यांत येतो. घरात जेवढा उजेड, तेवढीच भिंत उजळ. त्यामुळे ती कधी डोळ्यांवर येत नाही. पुस्तकाचे पान असेच असते. 'ई-इंक' नावाचा पडदाही याच जातीचा आहे. त्यात काळे-पांढरे सूक्ष्म कण पुढे-मागे सरकून अक्षर बनते आणि आपण ते बाहेरच्या उजेडात वाचतो.

बाकीचे पडदे दिव्यासारखे असतात. पूर्वीचे टीव्ही आणि संगणक काचेच्या जाड नळीचे होते. त्यांत इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतल्या लेपावर ओळीओळीने फिरे. लेप चमके आणि लगेच मावळे. हे सेकंदाला पन्नास-साठ वेळा होई. ही लुकलुक पुष्कळांना जाणवत नसे, पण काहींचे डोके दुखे. नंतर एलसीडी पडदे आले. त्यांत मागे दिवा असतो आणि पुढे द्रवस्फटिकांची बारीक कवाडे असतात. ती कमीजास्त उघडून चित्र तयार होते. जुनी लुकलुक गेली. ओएलईडी पडद्यात मागे दिवाच नाही, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. मात्र असे अनेक पडदे तेज कमी करण्यासाठी ठिपके फार वेगाने बंद-चालू करतात. काही थोड्या लोकांना त्याचा त्रास होतो. अशा माणसाने अंधारात तेज अगदी कमी करून बसण्यापेक्षा खोलीत दिवा लावावा हे बरे.

मग पडदे एवढे सुधारले, तरी डोळे अजून का थकतात? याचे उत्तर काचेत कमी आणि आपल्या सवयीत जास्त आहे.

डोळ्यात एक भिंग आहे आणि त्याला आकार देणारा एक छोटा स्नायू आहे. दूर पाहताना हा स्नायू सैल असतो, जवळ पाहताना आवळतो. पुस्तक ४० सेंटिमीटरवर धरले, तर त्याला ठरावीक श्रम पडतात. मोबाइल २० सेंटिमीटरवर आणला, की ते दुप्पट होतात. शिवाय दोन्ही डोळ्यांना नाकाकडे वळून राहावे लागते. एक तास मूठ आवळून बसून पाहा, म्हणजे त्या बिचाऱ्या स्नायूची दशा कळेल! संगणकाचा मोठा पडदा हातभर लांब असतो. म्हणून मोबाइल कितीही महाग असला, तरी डोळ्यांना तोच अधिक जड जातो.

दुसरी गोष्ट पापण्यांची. एरवी आपण मिनिटाला सुमारे पंधरा वेळा डोळे मिचकावतो. पडद्याकडे टक लावून पाहताना ही संख्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. पुस्तक वाचतानाही ती कमी होते, हे येथे सांगितले पाहिजे. पापणी मिटली नाही, की डोळ्यावरचा अश्रूंचा पातळ थर सुकतो आणि डोळे चुरचुरतात. याला औषध नको. मुद्दाम, पूर्ण पापण्या मिटण्याची आठवण ठेवावी.

तिसरी गोष्ट उजेडाची. २०२० साली मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि अभ्यास मोबाइलवर आला. शहरातल्या मुलांना खोलीत बसून धडे मिळाले. डोंगराळ भागात मोबाइलची रेंज सगळीकडे पोहोचत नाही. ती जेथे सापडेल तेथे, म्हणजे बहुधा उघड्या टेकाडावर, जाऊन बसावे लागे. भर उन्हात पडद्याचा प्रकाश फिका पडतो. अक्षर ओळखण्यासाठी डोळे बारीक करावे लागतात आणि मोबाइल आपोआप नाकाजवळ येतो. याच्या उलट पावसाळ्यातले घर. जव्हारला पाऊस असा कोसळतो, की दुपारीही घरात काळोख दाटतो, आणि त्यात वीज गेली तर विचारूच नका. तेव्हा बाहुली अंधारासाठी मोठी होते आणि तिच्यात पडद्याचा झोत शिरतो. मोबाइल तोच, पडदा तोच. टेकाडावर तो अपुरा आणि घरात तो अति. पडद्याचे तेज आजूबाजूच्या उजेडाएवढे असावे, ही गोष्ट गेरूच्या भिंतीला न शिकवता येते. पडद्याच्या बाबतीत ती आपल्याला करावी लागते.

तुमच्यासाठी आणखी एक अडचण आहे, जी इतर माध्यमांच्या मुलांना तेवढी नसते. उर्दूत बे, पे, ते, से यांचा फरक केवळ नुक्त्यांचा. नस्तालीक लिपीत ओळ उतरत जाते आणि नुक्ते एकमेकांजवळ दाटतात. कातिब हाताने लिहीत, तेव्हा ते नुक्ता नीट मोकळा ठेवत. १९८१ च्या सुमारास मिर्झा अहमद जमील यांच्या 'नूरी नस्तालीक' अक्षरांमुळे ही लिपी यंत्रावर आली. पण लहान पडद्यावर अक्षर बारीक ठेवले, तर तीन नुक्त्यांचा एकच डाग दिसतो. मग मूल पडदा जवळ ओढते. त्याऐवजी अक्षर मोठे करावे. मराठीतल्या अनुस्वाराचे आणि रफाराचेही तसेच आहे. मी वर्गात पाहिले आहे, की 'वाचता येत नाही' म्हणणाऱ्या मुलाला मोठ्या अक्षरातला तोच उतारा दिला, तर तो घडाघडा वाचतो.

आता निळ्या काचेच्या चष्म्याविषयी. पडद्यातला निळा प्रकाश डोळे बिघडवतो असे सांगून हे चष्मे विकले जातात, आणि पालक मोठ्या काळजीने विचारतात, "सर, घेऊ का?" २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने अशा चष्म्यांवरच्या १७ चाचण्यांचा आढावा घेतला. संगणकावर काम करताना येणारा डोळ्यांचा थकवा या काचांनी साध्या काचांपेक्षा बहुधा कमी होत नाही, असे तिला आढळले. माझे मत विचाराल, तर तो पैसा वाचवावा आणि डोळ्यांची खरी तपासणी करून घ्यावी. नंबर असताना चष्मा नसेल, तर कोणताही पडदा थकवणारच.

तपासणीसाठी लांब जावेच लागते असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक सरकारी व अनुदानित शाळांत येते आणि दृष्टीही तपासते. ते येईल तेव्हा पाठ केलेली अक्षरे म्हणून दाखवू नका. जे दिसत नाही, ते दिसत नाही म्हणा. घरी एक साधी परीक्षा करता येते. एक डोळा तळहाताने, न दाबता, झाका आणि दुसऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचा. मग डोळा बदला. एका डोळ्याने अंधुक आणि दुसऱ्याने स्पष्ट दिसत असेल, तर त्याच दिवशी अम्मी-अब्बांना सांगा. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा दुसऱ्याचे काम निभावून नेतो, आणि वर्षानुवर्षे कोणाच्याच लक्षात येत नाही.