एक ब्रॅकेट, चार उत्तरं

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली. घरी मराठी बोलत असले तरी जोडाक्षर लिहिताना अजून पेन अडखळतं. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला आणि गोष्ट ऐका.

थर्ड इयरचा मिनी-प्रोजेक्ट होता. एल आकाराचा माइल्ड स्टीलचा ब्रॅकेट, आतला कोपरा काटकोनी, टोकाला लोड. जास्तीत जास्त स्ट्रेस काढायचा आणि ब्रॅकेट टिकेल की नाही ते सांगायचं. फायनाइट एलिमेंट पद्धतीत आपण पार्टचे छोटे तुकडे करतो, म्हणजेच मेश बनवतो, आणि कॉम्प्युटर प्रत्येक तुकड्याचं गणित सोडवतो. मेश जितका बारीक तितकं उत्तर खऱ्याच्या जवळ, असं आम्ही शिकलो होतो.

४ मिमीच्या मेशला स्ट्रेस आला १४२ मेगापास्कल. २ मिमीला १९१. माइल्ड स्टीलचा यील्ड पॉइंट साधारण २५० धरला, म्हणजे ब्रॅकेट पास! खात्री म्हणून १ मिमी केला, तर २५९. नापास. ०.५ मिमीला ३५४. ब्रॅकेट तोच, लोड तोच, आणि उत्तर पळतंय आपलं पुढे पुढे.

सबमिशन दोन दिवसांवर. ग्रुपमधला एकजण म्हणाला, "अगं, २ मिमीवालं टेबल टाक ना. कोण विचारतंय?" खोटंही नव्हतं ते, आकडा सॉफ्टवेअरनेच दिलेला. पण रात्रभर झोप लागेना. उद्या असा ब्रॅकेट खरंच कुठे लागला आणि खाली कोणी उभं असलं तर?

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत उत्तर सापडलं. १९५२ मध्ये विल्यम्स यांनी दाखवलं होतं की अशा टोकदार आतल्या कोपऱ्यात, इलॅस्टिसिटीच्या थिअरीप्रमाणे, स्ट्रेस अनंत असतो. काटकोन असेल तर कोपऱ्यापासूनचं अंतर निम्मं झालं की स्ट्रेस साधारण १.३७ पट होतो. मी माझे आकडे एकमेकांनी भागले: १.३५, १.३६, १.३७. अंगावर काटाच आला! कॉम्प्युटर बरोबर होता. चुकला होता तो माझा प्रश्न.

मग कोपऱ्याला ५ मिमी त्रिज्येची गोलाई, म्हणजे फिलेट दिला. स्ट्रेस १८४ च्या आसपास येऊन गपगुमान थांबला. का? कारण फिलेटने गणिताला एक लांबी दिली, ५ मिमी. आधी ती नव्हती, म्हणून मेशचाच आकार उत्तर ठरवत होता.

संशोधनाचे प्रश्न

फिलेट आपण देऊ शकतो. पण तडा गेला तर? तड्याच्या टोकाला कसली गोलाई! १९२१ च्या पेपरमध्ये ग्रिफिथ यांनी स्ट्रेसऐवजी एनर्जीचा हिशोब मांडला. तडा वाढला की नवीन पृष्ठभाग तयार होतो आणि त्याला एनर्जी लागते. म्हणजे लांबी आता मटेरियलनेच सांगायची. ती कुठून आणायची, यावर कॉम्प्युटेशनल मेकॅनिक्समध्ये आजही काम चालू आहे.

पहिलं उदाहरण काँक्रीट. कमाल लोडनंतर ते कमजोर होत जातं. साध्या मॉडेलमध्ये सगळं नुकसान एलिमेंटच्या एकाच ओळीत गोळा होतं. मेश बारीक करत जा, तुटायला लागणारी एनर्जी शून्याकडे जाते. फुकटात तुटणारं काँक्रीट! बाझांत आणि ओह यांनी १९८३ मध्ये तड्याच्या पट्ट्याला ठराविक रुंदी द्यायचा मार्ग काढला. पुढे फेज-फील्ड पद्धत आली, तिच्यातही एक लांबी आहेच. ती नुसती गणिताची सोय मानायची की मटेरियलचा गुण, यावर वाद आहेत.

दुसरं, तांब्याची तार. फ्लेक आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये १७० ते १२ मायक्रॉन जाडीच्या तारा तपासल्या. ओढल्या तर फारसा फरक नाही. पिळल्या, तर बारीक तारा प्रमाणात खूप मजबूत निघाल्या. आपल्या सिलॅबसमधल्या प्लॅस्टिसिटीत लांबीच नाही, त्यामुळे तिला हे सांगताच येत नाही.

तिसरा प्रश्न वेळेचा. "मग थेट अणूंपासूनच सुरू करू" असं वाटेल. पण मॉलिक्युलर डायनॅमिक्समध्ये एक पाऊल साधारण एका फेम्टोसेकंदाचं. दहा लाख पावलं टाकली की एक नॅनोसेकंद होतो. लॅबमधली टेन्साइल टेस्ट काही मिनिटं चालते. ही दरी कशी ओलांडायची?

संधी कुठे?

सुरुवातीला खर्च नाही. कॅल्क्युलिक्स आणि लॅम्प्स ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, एनपीटीईएलवर लेक्चर्स आहेत. देशातल्या तीन सायन्स अकॅडमींची मिळून समर फेलोशिप असते, तिची जाहिरात बघत राहा. गेट देऊन आयआयटी किंवा बंगळुरूच्या आयआयएससीला जाता येतं, आणि मेकॅनिकल, सिव्हिल, मेटलर्जी या तिन्ही शाखांतून या विषयाकडे वाट आहे. बाहेर जायचं तर जर्मनीत स्टुटगार्टला 'कॉमास' नावाचा याच विषयाचा मास्टर्स कोर्स आहे, आणि बोखुमला मटेरियल्स सायन्स अँड सिम्युलेशनचा. फक्त लिनियर अल्जेब्रा आणि प्रोग्रामिंग आत्तापासून पक्कं करा. एम-थ्री "काढला" एवढ्याने भागणार नाही, हे मी स्वतःलाच सांगतेय!

रिपोर्टमध्ये मी चारही आकडे टाकले, आणि फिलेटचेही. व्हायवाला एक्सटर्नल सरांनी विचारलं, "मग ब्रॅकेट सेफ आहे की नाही?" मी म्हटलं, "सर, फिलेट दिला तर आहे. टोकदार कोपऱ्याचं उत्तर या पद्धतीने देताच येणार नाही." ते थोडं थांबले आणि म्हणाले, "पुढचा रोल नंबर."

मार्क बरे आले. घरी अजून "आयटीत जा" चालूच आहे, पण मी गेटचा फॉर्म भरणार. तुम्ही निदान एवढं करा: पुढच्या वेळी सॉफ्टवेअरने रंगीत चित्र दिलं, की प्रिंट मारायच्या आधी मेश एकदा निम्मा करून बघा.